बंद गाडीतलं घड्याळ

१

शनिवार, २ ऑगस्ट, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटं. भंडाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर, अड्याळ गाव लागता लागता, राखाडी रंगाची एक हायब्रिड कार बंद पडली. गाडीत मत्स्यबीजाच्या, म्हणजे माशांच्या चिमुकल्या पिल्लांच्या, छत्तीस पिशव्या होत्या. पाणी आणि ऑक्सिजन भरून तोंड बांधलेल्या या पिशव्या गार राहिल्या तरच आतलं बीज जगतं. पावसाने चार दिवसांपासून उघाड दिली होती आणि ऊन कडक होतं. दुसरी गाडी मिळवून पिशव्या दिघोरीच्या तलावावर पोचायला दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली. त्या उघडल्या तेव्हा एकोणतीस पिशव्यांतलं बीज मेलेलं होतं.

गाडी दिघोरीच्या मच्छीमार संस्थेची. बारा वर्षं जुनी. संस्थेने ती दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, कारण या गाडीचं इंजिन बंद असलं तरी मोठ्या बॅटरीवर एसी चालू राहतो. बीज भरायला तासभर थांबलं तरी आत गारवा टिकतो. टेम्पोऐवजी हीच गाडी घ्यावी असा आग्रह संस्थेचे सचिव मधुकरराव यांनी धरला होता. बॅटरी अजून पाच वर्षं काढेल, असं त्यांनी आमसभेत लिहून दिलं होतं.

चालक ममता वलथरे, वय चौतीस. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या डोक्यावर टोपली घेऊन मासोळी विकत. गाडी शिकून परवाना काढला आणि संस्थेने त्यांना चालक म्हणून घेतलं. शनिवारी संध्याकाळी मधुकररावांनी सभेची नोटीस काढली. सभा सोमवारी दुपारी चार वाजता, विषय एकच: धोक्याचा दिवा लागलेला असताना निष्काळजीपणे गाडी चालवून बीज मारल्याबद्दल चालकाला काढून टाकणे. असा शेरा एकदा कागदावर आला की जिल्ह्यातली दुसरी कोणती संस्था ममताला स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हती.

अध्यक्ष जागेश्वर मारबते यांनी नोटिशीवर सही करण्याआधी खाली एक ओळ वाढवली. सभेपूर्वी जाणकाराचं लेखी मत घ्यावं.

जाणकार म्हणून हर्षा लांजेवार आल्या. भंडाऱ्याला आयटीआयमध्ये त्या मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवतात. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी त्या एकच नियम सांगतात. आधी फोटो, मग हात.

२

रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी हर्षाने गाडीचं दार उघडलं. गाडी केशरबाईंच्या चहाच्या हॉटेलसमोर, चिंचेखाली ढकलून ठेवली होती. ममता चावी घेऊन सकाळपासून तिथेच बसून होती.

पहिला फोटो डॅशबोर्डचा. लाल त्रिकोण, पिवळं इंजिन, कोपऱ्यात हिरव्या आकड्यांचं घड्याळ. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"हे दिवे कधी लागले?" हर्षाने विचारलं.

"बंद पडायच्या पाच मिनिटं आधी. अड्याळची पाण्याची टाकी दिसली आन् सगळे एकदम पेटले. सचिव साहेब म्हणते, आठ दिवसांपासून लागले असन, बाईले दिसलेच नाई. मॅडम, मले चुलीतला इस्तू दिसते, हा लाल त्रिकोण नाई दिसन?"

"सकाळी निघताना काही वेगळं वाटलं?"

"काहीच नाई. साडेपाचले निघाली. गाडीची घडी तेवढी सव्वाबारा दाखवून राहिली होती. म्या म्हटलं, बुढी झाली बिचारी, झोपेतून उठली नसन."

हर्षाने वहीत काहीतरी लिहिलं आणि बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरची तार स्टिअरिंगखाली जोडली. एकच मुख्य कोड आला. पी-शून्य-ए-आठ-शून्य. अर्थ साधा होता, मोठी बॅटरी संपली. कोड लागतो त्या क्षणाची स्थिती गाडी स्वतःच साठवून ठेवते. ती हर्षाने उघडली. बॅटरीचं तापमान अठ्ठावन्न अंश. चौदा कप्प्यांपैकी सहावा, सातवा आणि आठवा कोसळलेला.

"मधलेच," ती म्हणाली.

"मधले म्हणजे?"

"कडेचे कप्पे गेले असते तर म्हटलं असतं ओल लागली, गंज चढला. मधले जातात ते उकाड्याने. मधल्यांना हवा कमी मिळते."

या गाडीत मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. तिला गार ठेवणारा पंखा हवा ओढतो ती सीटच्या उजव्या बाजूच्या, तळहाताएवढ्या जाळीतून. हर्षाने मागचं दार उघडलं. सीट पाडून त्यावर पिशव्या रचायची सोय केली होती आणि तिच्यावर तागाचा बारदाना अजून पडून होता. त्याचं उजवं टोक जाळीवर होतं. जाळीतून तिने चिमट्याने तागाचे तंतू ओढले. बोटभर लांब, एकमेकांत गुंतलेले, मूठभर.

"हा बारदाना कोण टाकतं?"

"मीच. ओला करून टाकते पिशव्यायवर. आमच्यात सगळेच टाकतात. माह्या सासऱ्यानं बैलबंडीतून बीज आणलं तवाबी ओलाच बारदाना होता. त्याच्याशिवाय बीज राहते काय?"

हर्षाने सांगितलं, कारण न सांगून चाललं नसतं. जाळीवर ओला बारदाना म्हणजे बॅटरीच्या नाकावर हात. दोन वर्षं ती अशी अर्धवट श्वास घेत होती.

ममताने बारदान्याकडे पाहिलं. "मंग म्याच मारली म्हणा ना."

"बॅटरी कशाने गेली ते कळलं. तुम्हाला आधी कळायला हवं होतं, ते का नाही कळलं, हा वेगळा प्रश्न आहे." हर्षाने स्कॅनरचं पुढचं पान उघडलं आणि थांबली. त्याचाही फोटो काढला.

पानावर एक आकडा होता. शेवटचे कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली, तो. एकसष्ट किलोमीटर.

"दिघोरीहून अड्याळ किती?"

"एक्केचाळीस."

"आणि इथून बीज केंद्र?"

"दहा." ममता बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थबकली. एक्केचाळीस जाताना, पुढे दहा, परत दहा.

गाडीत आधीपासून काय नोंदलेलं होतं ते कोणीतरी पुसलं होतं, आणि तेही गाडी दिघोरीत उभी असताना. शनिवारी पहाटे दिघोरीत गाडीची चावी ममताच्या हातात होती.

३

मधुकरराव दुपारी दीड वाजता संस्थेच्या ऑफिसात भेटले. वय अठ्ठावन्न, पंचायत समितीतून निवृत्त. टेबलावरच्या फाइली कडेला कडा लावून ठेवलेल्या. त्यांच्या मागे भिंतीत एक खिळा होता. गाडीची चावी तिथे टांगत.

"मॅडम, तुम्ही उन्हातान्हात कायले आल्या? गोष्ट सरळ आहे. बाईनं दिवा पाहिला नाही."

"सध्याचे दिवे बंद पडायच्या पाच मिनिटं आधी लागले, असं त्या म्हणतात. मशीनही त्याच्या विरुद्ध काही सांगत नाही. पण त्याआधीचा दिवा कोणीतरी पुसलेला आहे."

मधुकररावांनी चष्मा काढला. "मग तो भंडाऱ्याचा मनिष मिस्त्री. त्यानं मे महिन्यात गाडी सर्व्हिस केली. हे मिस्त्री लोक दिवा पुसून देतात आणि काम केलं म्हणून सांगतात."

"मे महिन्यानंतर गाडी चार हजार किलोमीटर चालली. पुसल्याला झाले एकसष्ट. मनिषने पुसलेलं नाही. इथे, तुमच्या अंगणात पुसलं."

अंगणात कोंबड्या होत्या. मधुकरराव त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट काही सुचल्यासारखा सैल झाला.

"मग झालं ना मॅडम. तिनंच पुसलं. निघायच्या आधी दिवा दिसला, ट्रिप रद्द होईल म्हणून तिनं काहीतरी करून घालवला. चावी तिच्याजवळ. लिहून टाका."

"शुक्रवारी गाडी कोणी चालवली?"

"मी. लाखांदूरला तहसीलचं काम होतं. चार वाजता परत. चावी खिळ्याला. गाडी मस्त होती, एक दिवा नव्हता."

"शुक्रवारी चारनंतर?"

"चारनंतर चावी इथंच. कोणी गाडीला हात लावला नाही."

हर्षाने ही दोन वाक्यं त्यांच्यासमोर शब्दशः लिहून घेतली आणि वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली.

"सोमवारी सभेत मी स्कॅनर जोडून कोड आणि हा एकसष्टचा आकडा सगळ्यांना गाडीतच दाखवीन," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या शब्दावर कोणाला अवलंबून राहायला नको."

फोटोंबद्दल आणि घड्याळाबद्दल ती काही बोलली नाही. मधुकररावांनीही काही विचारलं नाही.

४

कोड पुसायचे दोन मार्ग आहेत. एक, स्कॅनर. दिघोरीत तो कोणाकडे नाही. दुसरा मार्ग पान्याचा. मोठ्या बॅटरीशिवाय या गाडीत नेहमीसारखी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती डिकीत, उजव्या कोपऱ्यात. तिचं टर्मिनल काढलं की गाडी सगळं विसरते, धोक्याचे कोडही. पण सोबत घड्याळही विसरतं. टर्मिनल परत लावलं की या गाडीचं घड्याळ एक वाजल्यापासून चालायला लागतं.

हर्षाने ऑफिसबाहेरच्या ओट्यावर बसून वहीत गणित मांडलं. रविवारी खरे अकरा वीस, तेव्हा गाडीत सहा पाच. एकपासून सहा पाच म्हणजे पाच तास पाच मिनिटं. त्यात बारा-बारा तासांचे किती फेरे झाले ते घड्याळ सांगत नाही. पण मागे मोजत गेलं की टर्मिनल लागल्याची वेळ नेहमी सव्वासहाच येते. सकाळचे किंवा संध्याकाळचे.

रविवारी सकाळी सव्वासहाला गाडी अड्याळला केशरबाईंच्या नजरेसमोर होती. शनिवारी संध्याकाळीही तिथेच. शनिवारी सकाळी सव्वासहाला ममता रस्त्यावर होती, आणि घड्याळ तर ती साडेपाचला निघाली तेव्हाच बिघडलेलं होतं. सव्वासहाला सुरू झालेलं घड्याळ पहाटे साडेपाचला बरोबर सव्वाबारा दाखवतं. शुक्रवारी सकाळच्या सव्वासहानंतर गाडी लाखांदूरला जाऊन आली होती. तेव्हा पुसलं असतं तर आकडा एकसष्टच्या बराच पुढे गेला असता. उरली एकच वेळ. शुक्रवार, संध्याकाळी सव्वासहा.

शुक्रवारी ममताला गाडीचं काम नव्हतं. ती धानाच्या रोवण्याला गेली होती. सहापर्यंत बांधीतल्या चिखलात आणि मग साडेसहापर्यंत चौदा बायांसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. हे शोधायला हर्षाला वीस मिनिटं लागली, कारण पहिल्याच घरी तीन बाया एकदम बोलायला लागल्या आणि ट्रॉलीत कोणी कोणाच्या पायावर बसलं होतं इथपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मग अंगणात सव्वासहाला कोण होतं?

"मी होतो ना," तलावाचे राखणदार इतवारी नान्हे म्हणाले. ते शेडमध्ये जाळं विणत बसले होते. वय पासष्ट, हातातली सुई थांबली नाही. "बॅटरी म्याच काढली आन् म्याच लावली. काहून, काही बिघडलं काय?"

एवढ्या सरळ कबुलीची हर्षाने अपेक्षा केली नव्हती.

"कशासाठी काढली, काका?"

"लाइन गेली होती. टाक्यात जित्ती मासोळी होती, हवेचा पंप बंद पडला. बॅटरीवर पंप चालते. साहेब म्हणे, इतवारी, गाडीची बॅटरी काढ. त्यायनंच डिकी खोलून दाखवलं, कोपऱ्यात आहे म्हणून. मले कोठी मालूम? म्या तं इंजिनापाशी पाहून राहिलो होतो."

हर्षाने शेडमध्ये नजर फिरवली. पंपाशेजारी, फळीवर, ट्रॅक्टरची एक बॅटरी होती. टर्मिनलला ग्रीस लावलेलं, वर प्लास्टिकचा तुकडा.

"लाइन गेली की नेहमी गाडीचीच लावता?"

"नाई बाप्पा. हेच लावतो, ट्रॅक्टरची. याच कामाची आहे ना ते."

"शुक्रवारी ही चार्ज नव्हती?"

"फुल चार्ज होती. म्या म्हटलं तसं. म्हटलं साहेब, हे आहे ना. साहेब म्हणे, राहू दे ते, गाडीचीच लाव. आता साहेब म्हणते तं आपण कायले आडवं लावा?" इतवारींची सुई पहिल्यांदा थांबली. "पोरगी जाईन काय मॅडम यापायी? ममता?"

५

मनिषचं गॅरेज भंडाऱ्याला, बायपासच्या आत. रविवार असूनही अर्धं शटर वर होतं. मनिष तिशीचा. हायब्रिडचं काम करणारा जिल्ह्यात तो जवळजवळ एकटाच. हर्षाचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तिला पाहताच त्याने आधी जमिनीवर सांडलेलं ऑइल पुसायला घेतलं.

"मॅडम, माझं नाव घेतलं असेल त्यांनी."

"घेतलं. ते बरोबर नाही, हेही मी त्यांना सांगितलं. मे महिन्यात तू काय केलंस?"

त्याने जॉबकार्डाची फाइल काढली. कार्डाच्या मागे बॉलपेनने लिहिलं होतं: फॅन साफ केला, तागाचा गुंता निघाला, सीटजवळची जाळी मोकळी ठेवणे. खाली मधुकररावांची सही.

"हे कोणाला सांगितलंस?"

"साहेबांना. समोर उभं राहून सांगितलं, जाळीवर हात ठेवून दाखवलं."

"आणि गाडी कोण चालवतं?"

"ती बाई."

"ती कुठे होती?"

"होती ना. साहेबांना घेऊन तीच आली होती. बाहेर बाकड्यावर चहा पीत होती."

मनिषने कार्ड उलटसुलट केलं.

"मॅडम, गाडीची गोष्ट म्हटल्यावर मी साहेबांनाच सांगणार ना. म्हणजे... तसंच असते ना."

"तसंच असते," हर्षा म्हणाली. "वर्गात नऊ वर्षं मीही पोरांना म्हणत आले, मालकाला सांगा. ड्रायव्हरला सांगा, असं कधी म्हटलं नाही." मग तिने दुसरा प्रश्न विचारला. "शुक्रवारी तुला दिघोरीहून फोन आला होता?"

मनिषने फोन काढून समोर धरला. शुक्रवार, चार वाजून सव्वीस मिनिटं. मधुकरराव. बोलणं चार मिनिटांचं.

"लाल त्रिकोण लागला म्हणे, लाखांदूरहून येताना. मी म्हटलं गाडी उभी ठेवा, बॅटरी जाऊन राहिली आहे. ते म्हणे उद्या बीज आणायचं आहे, नंबर लागला आहे, आता नाही म्हटलं तर पंधरा दिवस मिळत नाही. दिवा घालवायचा काही उपाय सांग. मी म्हटलं, छोट्या बॅटरीचं टर्मिनल काढलं तर दिवा जाईल, आजार नाही जाणार. हेच शब्द होते माझे, मॅडम."

"घड्याळाचं काही बोललास?"

"घड्याळाचं? कायले?"

हर्षाने त्याच्याकडून हे लिहून घेतलं, सही घेतली.

तरीही एक फट उरली होती आणि ती हर्षाला दिसत होती. फोन आला हे खरं, दिवा विझला हेही खरं. पण 'कोणी गाडीला हात लावला नाही' हे विसरून बोललो, असं सांगून मधुकरराव म्हणू शकत होते की लाइन खरंच गेली होती, मासोळी खरंच तडफडत होती. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर विश्वास नव्हता म्हणून गाडीची काढायला लावली, दिवा त्यात आपोआप गेला. मनात काय होतं ते कोणतंच मशीन दाखवत नाही.

६

सोमवारी सकाळी गाडी क्रेनने दिघोरीला आणली. अकरा वाजता ती संस्थेच्या अंगणात उतरली. हर्षाने ममताला फोन केला.

"चावी फिरवून घड्याळ बघा."

"पावणेसहा."

हिशेब बरोबर होता. टर्मिनल शुक्रवारनंतर हललं नव्हतं.

"चावी आता खिळ्याला टांगा. आणि घड्याळाचं कोणाशी बोलू नका."

"इतवारी काकाशी बी नाई?"

"कोणाशीच नाही."

हर्षा दुपारी बरोबर तीन वाजता पोचली. सभेला तास बाकी होता. लोक जमायला लागले होते. तिने खिळ्यावरची चावी घेतली, गाडीत बसली, चावी फिरवली आणि फोटो काढला. मग स्कॅनर जोडला.

कोड नव्हता. एकही नाही. कोड पुसल्यानंतरचं अंतर, शून्य किलोमीटर.

आणि घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

पंचवीस मिनिटांपूर्वी, म्हणजे दोन पस्तीसला, टर्मिनल परत लावलं गेलं होतं. पहाटेच्या दोन पस्तीसचा प्रश्न नव्हता, कारण अकरा वाजता ममताने घड्याळ पाहिलं होतं. या वेळी लाइन गेलेली नव्हती. इतवारी दीड वाजल्यापासून अध्यक्ष जागेश्वर यांच्यासोबत डोंग्यात होते, तलावात सोडल्यावर मेलेलं बीज जाळ्याने काढत. ममता काठावर होती, ते बीज टोपल्यांत भरून खड्ड्यात पुरायला नेत. तिला तिथे अकरा माणसांनी पाहिलं होतं.

सभा चार वाजता सुरू झाली. हर्षाने अहवाल उभं राहून वाचला. बॅटरी उकाड्याने गेली. उकाडा जाळी बंद असल्याने झाला. जाळी ओल्या बारदान्याने बंद होत होती आणि बारदाना चालक ममता वलथरे टाकत होत्या. इथे मागे बसलेल्यांत कुजबुज झाली. ममताने मान खाली घातली नाही. हर्षाने वाचणं थांबवलं नाही. जाळी मोकळी ठेवण्याची सूचना मे महिन्यात सचिवांना दिली गेली, चालकाला ती सांगितली गेल्याची नोंद नाही. शुक्रवारी धोक्याचा दिवा लागला, तो सचिवांनी पाहिला. तो शुक्रवारी सव्वासहाला विझला. शनिवारी निघताना चालकाला दिसण्यासारखा कोणताही दिवा गाडीत नव्हता.

"पुरावा?" मधुकरराव म्हणाले. आवाज शांत होता. "मशीन लावून दाखवते म्हटलं होतं ना मॅडम तुम्ही? लावा."

"मशीनमध्ये आता काही नाही. आज दोन पस्तीसला कोणीतरी पुन्हा पुसलं."

"दोन पस्तीस? कोणी पाहिलं?"

"घड्याळाने."

तिने फोटो क्रमाने लावले. रविवारी अकरा वीस आणि सहा पाच. त्याच दिवशी कोड आणि एकसष्ट. सोमवारी तीन आणि एक पंचवीस. जागेश्वर यांनी फोन हातात घेऊन प्रत्येक फोटो दोनदा पाहिला.

"ज्याने आज टर्मिनल काढलं," हर्षा म्हणाली, "त्याला माहीत होतं की तसं केल्याने कोड जातात. घड्याळही एकवर येतं, हे त्याला माहीत नव्हतं. नाहीतर त्याने ते बरोबर लावून ठेवलं असतं, एक बटण दाबायचं काम आहे. ममताताईंना घड्याळाचं माहीत होतं. मनिषला माहीत असणारच, तो आज भंडाऱ्याला आहे. इतवारी काका अध्यक्षांसोबत पाण्यात होते, आणि टर्मिनलने दिवा जातो हे त्यांना आजही माहीत नाही. शुक्रवारी चार सव्वीसला ज्याला हे फोनवर सांगितलं गेलं, तो माणूस एकच आहे."

मग इतवारी मागून म्हणाले, "साहेब, तुम्ही तं म्हणे मासोळी मरन म्हणून बॅटरी काढ. मासोळी तं दुसऱ्या दिवशी मेली."

मधुकररावांनी टेबलावरच्या फाइलीची कडा सरळ केली. "दोन पस्तीसला मी ऑफिसात एकटा कागद तयार करत होतो. चावी खिळ्याला होती, दार उघडं होतं. कोणीही आलं असेल. आणि फोटो काय, आजकाल कोणीही कसेही बनवते." एवढं बोलून ते खाली बसले.

७

सभा तहकूब झाली. पुढची सभा सोमवारी, ११ ऑगस्टला. ममताला काढण्याचा विषय मागे घेतलेला नाही आणि मंजूरही झालेला नाही. मधुकररावांनी तब्येतीचं कारण देऊन आठ दिवसांची रजा टाकली आहे. राजीनामा दिलेला नाही. हर्षाचा अहवाल बारदान्याच्या परिच्छेदासह दफ्तरी दाखल झाला. तो परिच्छेद काढावा का, असं जागेश्वर यांनी तिला एकटीला विचारलं होतं. त्यांना ती नाही म्हणाली. नंतर त्यांनी ममतालाही विचारलं.

"राहू द्या," ममता म्हणाली. "माह्या हातानं झालं थे माह्या नावावर राहू द्या. बाकीचं ज्याचं त्याच्या नावावर लिहा."

गाडी अंगणात उभी आहे. चावी आता खिळ्याला नसते, जागेश्वर यांच्या खिशात असते. काचेवर आतून एक कागद चिकटवलेला आहे, ममताच्या अक्षरात: घड्याळाला हात लावू नये.

रोज संध्याकाळी सहाला जागेश्वर येतात. चावी ते ममताच्या हातात देत नाहीत, स्वतःच फिरवतात. ममता शेजारच्या सीटवर बसून घड्याळ वाचते आणि वहीत लिहिते. छोटी बॅटरी चार्ज होत नाही. हर्षाच्या अंदाजाने ती सोमवारपर्यंत टिकेल, पण तसं लिहून द्यायला ती तयार झाली नाही. बॅटरी संपली तर घड्याळ विझेल, आणि सभेला दाखवायला फक्त फोटो उरतील.

गुरुवारी, ७ ऑगस्टला, संध्याकाळी सहा वाजता घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. हिशेबाने तेवढीच व्हायला हवीत. म्हणजे सोमवारी दुपारी दोन पस्तीसनंतर टर्मिनलला कोणी हात लावलेला नाही. हिरवे आकडे सोमवारपेक्षा जरा मंद दिसतात, असं ममताने त्याखाली लिहून ठेवलं आहे.